सरांचं चून

नव्या माणसाला सर पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकू देत नसत. घरी नेत, हातात बेसनाची वाटी देत आणि म्हणत, "चून कर." चून म्हणजे आमच्या वाशीमकडचं पिठलं; एकही गुठळी राहता कामा नये. मी वाशीमजवळच्या मालेगावची, एम.एस्सी. झालेली आणि तोंडाची फटकळ. विचारलंच, "पोरगी आहे म्हणून सांगता काय?"

"पोट्ट्यायलेबी हेच सांगतो, माय. त्यायचं चून पाह्यलं असतं तं असं इचारलं नसतं."

आमचं कामही तसंच होतं. किरणोत्सारी कोबाल्ट पातळ राळेत कालवायचा, साच्यात ओतून घट्ट होऊ द्यायचा आणि ती चकती सीलबंद करायची. दवाखान्यातला स्कॅनचा कॅमेरा रोज सकाळी अशा चकतीवर तपासतात. सगळीकडे सारखं दिसलं तर कॅमेरा ठीक. शिशाच्या काचेआड लांब चिमट्यांनी आम्ही ढवळत असू आणि मागून सरांचा जप चाले, "हात लांबून, जीव जवळून." सगळी नोकरी शहरात गेली, पण आपल्या गावची, रिठदची बोली त्यांनी सोडली नाही. वरच्या साहेबांशीही तीच.

एकदा एका चकतीच्या कडेला मोजणी जरा जास्त येत होती. चकत्या न्यायला आलेली गाडी दारात उभी. साहेब म्हणाले, मर्यादेत आहे, जाऊ द्या. सरांनी चकती बाजूला ठेवली. "लिमिट कागदावर राह्यते साहेब, मानूस टेबलावर राह्यते. आपली गुठळी त्याच्या हाडात दिसन." गाडी रिकामी गेली. मला सरांचाच राग आला. पुन्हा ढवळायला कोण, तर मी.

सर निवृत्त होऊन रिठदला गेले. मागच्या वर्षी आईचा खुबा दुखू लागला. छातीच्या गाठीचं ऑपरेशन आधी झालेलं, म्हणून डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. नागपूरला सर आमच्यासोबत आले. स्कॅनमध्ये खुब्यावर काळा डाग दिसला. कॅमेराच चुकलेला असावा, एवढंच माझ्या मनात. मी तंत्रज्ञाच्या मागे लागून सकाळची चकती आणि तिचं चित्र पाहायला मागितलं. चकती आमच्याकडची, घाणा माझ्याच हातचा. चित्रात कुठेही गुठळी नव्हती. म्हणजे डाग खरा होता.

बाहेर येऊन मी सरांजवळ रडले. "चकती वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, सर."

"नाई माय. तुह्यं चून चांगलं झालं, म्हनून तं दिसलं. आता इलाज करू."

डाग एकच होता. उपचार लगेच सुरू झाले आणि लागू पडले. सरांचे हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. रिठदला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मांडवापर्यंत गाडी जात नव्हती. मी आईला म्हटलं, तू इथेच बस. तिनं ऐकलं नाही. पदर सावरून खाली उतरली आणि सरांच्या फोटोपर्यंत चालत गेली. खुबा दुखू लागल्यापासूनची तिची काठी गाडीतच राहिली.