नाना आणि चार नंबरचा घोडा

माझे सासरे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी रीडिंगमध्ये घोड्यांच्या शर्यतीत धावले. जिंकलेसुद्धा. पण आपण शर्यतीत होतो, हे त्यांना शर्यत संपल्यावर कळलं!

चूक माझी. आमच्या घरात ती बहुधा माझीच असते, पण या वेळी साठ साक्षीदार होते.

चौदा वर्षं झाली मला इंग्लंडात, तरी इथल्या माणसाची पैजेची हौस बघून मी अजून थक्क होतो. घोडे आणि फुटबॉल तर झालंच. पण कुत्र्यांच्या शर्यती, स्नूकर, डार्ट्स, काही म्हणजे काही सोडत नाहीत. नाताळला बर्फ पडणार का, यावरसुद्धा पैज! (मी एकदाच लावली होती. कोटासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि त्या नाताळला मी कोट न घालता फिरलो.)

आमचं मराठी मंडळ ज्या चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसवतं, तिथला केअरटेकर बॅरी याच पंथातला. साठीचा, गळ्यात कायम स्टॉपवॉच. तरुणपणी दर शनिवारी ग्रेहाऊंडच्या शर्यतीला जायचा, ते वेळ मोजायचं वेड अंगात राहून गेलं. किटली लावली तरी बटण दाबतो आणि पाणी उकळल्यावर आपल्याला आकडा सांगतो.

मंडळाला गणपतीसाठी निधी हवा होता आणि मी नवाकोरा सेक्रेटरी. बॅरी म्हणाला, "सॅन्डीप, रेस नाइट कर! जुन्या शर्यतींचे व्हिडिओ मिळतात. कोण जिंकणार ते कुणालाच माहीत नसतं. तिकीट लावा, जेवण ठेवा. आणि घोड्यांना नावं तुम्हीच द्यायची, दॅट्स द बेस्ट पार्ट!"

मग त्याने आवाज खाली आणला. "बट द अलार्म, सॅन्डीप. वन मोअर अँड यू आर आउट."

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी महाआरतीच्या धुपाने हॉलचा फायर अलार्म वाजला होता आणि 'सुखकर्ता दुःखहर्ता'ला फायर ब्रिगेडने साथ दिली होती. आता पुन्हा अलार्म वाजला तर हॉल गेला. गणपतीच्या आठवड्यात रीडिंगमध्ये दुसरा हॉल मोकळा नव्हता, आणि पेणहून आमची मूर्ती तर बोटीवर चढलेली! बाप्पाला काय माझ्या गॅरेजमध्ये बसवायचं? मी बॅरीला शब्द दिला. त्याने मला 'फायर मार्शल' लिहिलेलं पिवळं जाकीट दिलं, म्हणजे अलार्म वाजला तर सगळ्यांना बाहेर काढायचं काम माझं. ते घालून मी घरी आरशासमोर बराच वेळ उभा होतो.

त्या जूनमध्ये माझे सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सासरे, म्हणजे नाना, कोर्टातून निवृत्त झालेले. पुरावा असल्याशिवाय चहात साखर आहे हेही मानत नाहीत. सासूबाईंना मी आई म्हणतो. आईंनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात नानांचं नाव कधी घेतलेलं नाही. फक्त 'अहो'. हीथ्रोवर ऑफिसरने "हजबंड्स नेम?" विचारलं, तर आईंनी नानांकडे बोट दाखवून "हे" असं उत्तर दिलं होतं. त्याने पुन्हा विचारलं. आईंनी पुन्हा बोट दाखवलं, जरा जोरात.

नाना पंचाहत्तरीत आले होते. म्हटलं, सरप्राइज देऊ! बाकीच्या घोड्यांना मंडळातल्या लोकांची नावं होतीच, चार नंबरच्या घोड्याला मी त्यांचं नाव देऊन टाकलं: दत्तात्रय.

"बाबांना विचारलंस?" माझ्या बायकोने, मेधाने, विचारलं.

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"मग सहा नंबरला मी तुझं नाव देते. तुलाही सरप्राइज."

शर्यतीच्या दिवशी साठ माणसं जमली. पैजा राजम्याच्या दाण्यांवर होत्या, (तरी काही लोक घरून पिशवीभर राजमा घेऊन आले होते!) आणि कॉमेंट्री मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं. नानांना पाय पसरायला मिळावेत म्हणून मी त्यांची खुर्ची इमर्जन्सीच्या दाराजवळ ठेवली, ज्याच्यावर हिरवा पळणारा माणूस काढलेला असतो. पोटात साबुदाणा वडे आणि बाहेर इंग्लंडचा गार जून. नानांनी कानटोपी ओढली आणि पहिल्या दोन शर्यतींतच घोरायला लागले.

तिसरी शर्यत नानांची! पडदे ओढले, दिवे घालवले, घोडे सुटले.

"आणि देशपांडे काका आघाडीवर! त्यांच्या मागे दत्तात्रय... दत्तात्रयराव येत आहेत!" सासऱ्यांना एकेरीत कसं पळवायचं? "दत्तात्रयरावांनी पहिलं कुंपण अतिशय सन्मानाने ओलांडलेलं आहे! संदीप... संदीप कुठे आहे? संदीप अजून निघतोय!"

आई पहिल्या रांगेत होत्या. सुरुवातीला पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मग पदर सुटला. मग त्या खुर्चीच्या कडेवर आल्या.

"आई, बाबा दुसरे आहेत!" मेधा ओरडली.

"दिसतंय मला! अगं, पण हे असे कडेकडेने का पळतायत?" आणि पडद्याकडे बघून आई पहिल्यांदा बोलल्या, "अहो, जरा मधून या!"

हॉलमध्ये हशा पिकला. मला तर चेवच चढला! "देशपांडे काका दमले! दत्तात्रयराव त्यांना गाठतायत!"

आई उभ्या राहिल्या. नाव घेता येत नव्हतं, आणि नाव घेतल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करून, साताऱ्यातल्या घराच्या गच्चीवरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात हाक घातली:

"अहो! पळा! पळा! अहो, पळा म्हणते ना!"

आता, अठ्ठेचाळीस वर्षं ज्या आवाजासरशी माणूस गॅस बंद करायला उठलाय, त्या आवाजापुढे झोप काय टिकणार? नाना ताडकन उठले. अंधार होता, माणसं ओरडत होती, बायको पळा म्हणत होती. समोर दारावरचा हिरवा माणूसही पळतच होता. नानांनी कुठलाही पुरावा न मागता धूम ठोकली! दाराचा दांडा छातीने ढकलला, दार उघडलं आणि त्या दाराला जोडलेला अलार्म कोकलायला लागला.

"अगं बाई, हे कुठे निघाले?" म्हणत आई त्यांच्या मागे. आईंच्या मागे मेधा. मेधाच्या मागे अख्खं मंडळ, राजम्यासकट.

मला यातलं काही कळलं नाही. खरंच सांगतो! एक तर अंधार, त्यात माझा माइक कमाल आवाजावर. अलार्म ऐकून मला वाटलं, काय हा प्रतिसाद! "दत्तात्रयराव आघाडीवर! दत्तात्रयराव जिंकले! सातारा जिंकला!" टाळ्या आल्या नाहीत. मी म्हटलं, लोक भारावलेत.

"बाबा!" दारातून माझी अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली मुलगी, ईशा, तिच्या इंग्लंडी मराठीत किंचाळली. बॅरीने तिला बाहेरून दंडाला धरून ठेवलं होतं. "अलार्म आहे! सगळे बाहेर आला! तू कोणाशी बोलतो?"

मी वळून बघितलं. साठ रिकाम्या खुर्च्या. गेला हॉल! बाप्पा माझ्या गॅरेजमध्ये, लॉनमोअरच्या शेजारी, मला स्पष्ट दिसायला लागले.

बाहेर पार्किंगमध्ये सगळे ओळीने उभे होते. बॅरीने आत जाऊन सगळीकडे बघितलं, अलार्म बंद केला आणि परत आला. मी माफीचं भाषण तयार करत होतो, पण तो स्टॉपवॉचकडे बघत होता.

"फॉर्टी-नाइन सेकंड्स," तो पुटपुटला. मग ओरडला, "फॉर्टी-नाइन! सिक्स्टी पीपल! इन द डार्क!" त्याचे डोळे पाणावले होते. इतक्या वर्षांत हा हॉल कुणी इतक्या लवकर रिकामा केला नव्हता. स्काउटच्या पोरांना चार मिनिटं लागली होती! या महिन्यात फायर ड्रिल घ्यायचीच होती, ती झाली असं तो वहीत लिहिणार होता. गणपतीला हॉल आमचाच!

मला इतका आनंद झाला की मी बॅरीला मिठी मारली.

"वन कंडिशन," तो मिठीतून म्हणाला. "चेंज द मार्शल." आणि त्याने माझं पिवळं जाकीट काढून आईंच्या खांद्यावर घातलं.

"काय म्हणतोय हा?" आईंनी विचारलं. मेधाने सांगितलं. "इश्श! मी कुठे काय केलं? मी यांना हाक मारली."

नाना कानटोपी सारखी करत पुढे आले. एव्हाना ईशाने त्यांना घोड्याचं सांगितलं होतं. "जिंकलो का मी?"

"जिंकलात, नाना! मी स्वतः पाहिलं!"

"आणखी कुणी पाहिलं?"

सगळे हातातला राजमा मोजायला लागले.

"एकच साक्षीदार," नाना म्हणाले, "आणि तोही जावई." शेवटी आत जाऊन व्हिडिओ पुन्हा लावला, तेव्हा कुठे त्यांनी विजय दाखल करून घेतला.

गणपती झोकात झाला. दारात आई उभ्या होत्या, पैठणीवर पिवळं जाकीट घालून. धूप पेटवायची कुणाची छाती झाली नाही.

ड्रिलची ती वही हॉलच्या दाराशी टांगलेली असते. त्या दिवशी बॅरीने तीत वेळ लिहिली, माणसं लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात, म्हणजे आत कोण राहिलं त्या रकान्यात, लिहिलं: संदीप.

मेधा त्याच्या खांद्यावरून बघत होती. सहा नंबरचा घोडा तेव्हा पडद्यावर एकटाच दुडकत होता, हे तिला पुन्हा लावलेल्या व्हिडिओत दिसलं होतं. तिने विचारलं, "व्हिच वन?"

बॅरी कामाला चोख माणूस. त्याने चष्मा चढवला, विचार केला आणि माझ्या नावापुढे कंसात लिहिलं: घोडा नव्हे.