चिप पाण्याने धुवायची नसते

चिप तापलेल्या हॉट प्लेटवर होती आणि देशमाने दारात उभा राहून मला ती बिघडवायला सांगत होता.

चाकणच्या ज्या कंपनीत मी होते, तिथे गाड्यांच्या ब्रेकचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनतात. माझं शिक्षण चौथी. लॅबमध्ये भांडी धुवायला लागले होते. ॲसिडजवळ बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून चिप उघडायचं काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

वरून दिसतो तो काळा चौकोन म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं आवरण. खरी चिप आत असते, मसुराच्या डाळीएवढी. तिला डाय म्हणतात. आवरणावर कोणीही कोणाचंही नाव छापू शकतं. डायवरची बारीक अक्षरं मात्र बनवणाऱ्याचीच असतात, आणि ती मायक्रोस्कोपखाली दिसतात. तिथवर पोचायला कडक नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे, प्लॅस्टिक विरघळलं की ॲसिटोनने धुवायचं, पुन्हा थेंब. पाणी लागू द्यायचं नाही. ॲसिडात पाणी मिसळलं की ते डायवरचा धातू खातं. मग वाचायला काही उरत नाही.

हे देशमानेला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं.

ॲसिडच्या खोलीत पंख्याचा आवाज आणि तोंडाला मास्क. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. रहाटणीला घरीही मी एकटीच. देशमाने खरेदी विभागातला, लातूरकडचा, चाळिशीचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर खुर्ची टाकून माझ्याबरोबर डबा खायचा आणि विचारायचा, "मावशी, आज कुणाचं पोस्टमॉर्टम?" मी सांगत बसायचे. जरा जास्तच सांगायचे.

तेव्हा चिपचा तुटवडा होता. लाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्याने साहेबांना न विचारता एका नव्या डीलरकडून लॉट उचलला. त्यातल्या चिप लावलेले काही बोर्ड टेस्टिंगला तापून बंद पडले. लॅबच्या प्रमुख शिंदेबाईंनी त्यातली एक चिप उघडायला माझ्याकडे पाठवली. संध्याकाळी मीटिंग होती.

"पाण्यानं धुवा, मावशी," देशमाने म्हणाला. "ही एवढी एकच. हात चुकला म्हणा. दुसरी येईस्तोवर मी लॉट परत करतो."

"आणि टेस्टला पास झालेले बोर्ड?"

"ते चालतायत की."

"ब्रेकचे आहेत ते."

तो मग म्हणाला, "नोकरी जाईल माझी."

"जाईल," मी म्हणाले. "दार लावून घे. वाफ बाहेर येते."

त्याने दार लावलं.

मी ॲसिटोनने धुतलं. डाय स्वच्छ निघाली. मला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षरं चित्रासारखी ओळखते. अस्सल चिपचा फोटो शेजारी ठेवला. एक अक्षर जुळेना. डायही निम्म्या आकाराची. मी फोटो काढून शिंदेबाईंना दिला.

"नक्की ना, मावशी?"

"फोटो बघा. मला कशाला विचारता?"

लॉट थांबला. ट्रकवर चढलेले बोर्ड उतरवले. एकही बोर्ड गाडीत गेला नाही. देशमानेला त्याच आठवड्यात काढलं. पाण्याचं मी कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. जाताना तो माझ्या खोलीवरून गेला. काचेतून दिसला. थांबला नाही.

पुढे रिटायर होईपर्यंत खरेदीची माणसं नमुना दाराबाहेर ठेवून जायची. जेवताना समोर भिंत. डब्यात उरलेलं घरी न्यायचं.

एकट्या माणसाने आपल्या कामाबद्दल खुशाल बोलावं. ते काम बिघडतं कसं, एवढं मात्र सांगू नये. मी सांगितलं नसतं तरी देशमानेची नोकरी गेलीच असती. पण त्या दिवशी तो माझ्याकडे नुसता जेवायला आला असता.