सातव्या समीकरणाचा रंग

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. ते तोंडाने सांगायला मला पाच महिने लागले.

मी जळगावला कॉलेजात गणित शिकवतो. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी भडगावची. धुळ्याला समितीपुढे तिचं सादरीकरण होतं. ते मान्य झालं तरच प्रबंध देता येणार होता. स्लाइड्स तिने लेटेकमध्ये, म्हणजे गणिताचा मजकूर सूचनांच्या ओळी लिहून मांडायच्या प्रणालीत, केल्या होत्या. आदल्या दिवशी मी फाईल मागून घेतली. समीकरणांचे क्रमांक भडक निळे होते, मला खुपले. एक ओळ घालून मी ते फिकट राखाडी केले आणि फाईल परत पाठवली. तिला सांगितलं नाही.

धुळ्याच्या हॉलमध्ये खिडक्यांतून ऊन येत होतं. पडद्यावर समीकरणं दिसली, क्रमांक एकही दिसेना.

"सातवं दाखवा," परीक्षक म्हणाले. ती स्लाइड्स पुढे-मागे करत राहिली. क्रमांक लेटेक आपोआप देतं, ते कोण पाठ करतं?

"क्रमांक घालायचा कंटाळा केलात का मॅडम? आता आम्ही बोटांवर मोजू?"

सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं यांना," मी म्हणालो, "प्रोजेक्टरवर एकदा बघून घ्या म्हणून."

असं काहीही मी सांगितलं नव्हतं. समितीने सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

परतताना गाडीत तिचे वडील मागे होते. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान त्या दिवशी बंद ठेवून आले होते. पारोळ्याजवळ ते म्हणाले, "सर, पोरनी चूक व्हयनी. तुम्ही मनवर लेऊ नका."

"होतं असं, आबा," मी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत होती.

परवा तिने नव्या स्लाइड्सची फाईल पाठवली. क्रमांक आता काळे. माझी ती राखाडी रंगाची ओळ तिने खोडली नव्हती. पुढे टक्क्याचं चिन्ह टाकून नुसती बंद केली होती; त्या चिन्हापुढचं लेटेक वाचत नाही, पण फाईलमध्ये ते तसंच राहतं. म्हणजे तिला माहीत होतं. कदाचित धुळ्याहून आल्या दिवसापासून.

समितीला मी खरं काय ते लिहून पाठवलं आणि भडगाव गाठलं. दोघं दुकानातच होते. मी उभ्यानेच बोललो.

"आबा, धुळ्याला चूक हिची नव्हती. रंग मी बदलला, आणि वर सगळ्यांसमोर खोटं बोललो." मग तिच्याकडे वळलो. "तू मला वाचवलंस, मी तुला नाही. मला माफ कर."