सशाला सोसले, माणसाला नाही

डॉ. यादवराव रहांगडाले यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. मी गोंदियाच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवीत होतो. तांदळाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटल्याचे कळले, म्हणून पाहायला गेलो आणि सवयीने एक बाटली उचलून हुंगली. "मास्तर, चिठ्ठी न वाचता बाटली हुंगणारे मला चालत नाहीत," ते म्हणाले. वर दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मदतीला यायलाही सांगितले. बारा वर्षे झाली, मी जातोच आहे.

खेड्यापाड्यांतले वैद्य देतात त्या पाल्यामुळ्यांत खरा गुण कशाचा आणि पोटात गेल्यावर शरीर त्याचे काय करते, हा डॉक्टरांच्या अभ्यासाचा विषय. मोठ्या शहरात शिकून आलेला माणूस वैद्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसतो, याचे आमच्या गावाला हसू येई. डॉक्टरांनी ते कधी मनावर घेतले नाही.

सौंदडचे वैद्य सुकाजीबुवा दम्यावर बांधावरचा एक पाला चिमूटभर देत. त्याचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही. वाचून कोणी घरी प्रयोग करायला नको. डॉक्टरांनी त्याचा अर्क काढला. तो सशांना पाजण्याचे काम माझ्याकडे होते. मात्रा चौपट केली तरी ससे कोंड्यावर मजेत बागडत होते. औषध निर्धोक असल्याचा निबंध तयार झाला. तो नागपूरच्या एका संस्थेत वाचायचा होता आणि तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यावर अवलंबून होते.

माझ्या आईला जुना दमा. मीच गळ घातली आणि डॉक्टरांनी सशांच्या भरवशावर तिला अर्क जरा सढळ हाताने दिला. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला कोरड पडली, उजेड सोसेना, आणि ती खाटेवर बसून रिकाम्या हातांनी तांदूळ निवडू लागली. मला ती ओळखत नव्हती. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. डॉक्टर दोन दिवस तिच्या उशाशी बसून होते. निरोप मिळताच सुकाजीबुवा गाडीने आले आणि त्यांनी आल्याआल्या डॉक्टरांना फैलावर घेतले.

"ससा तं आमच्या बांधावर तोच पाला खाऊन राहिला. त्याले काही होत नाही. माणसाले तेवढा कायले देल्ला? मले इचारलं काऊन नाही?"

डॉक्टरांनी हात जोडले. "चुकलो, बुवा," एवढेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर नागपूरला गेले. मी म्हटले, आई आता बरी आहे, हे तिथे सांगायलाच हवे का? सभेत त्यांनी तयार निबंध बाजूला ठेवला आणि स्वतःची चूक सविस्तर वाचून दाखवली. सुकाजीबुवांचे नाव दोनदा आदराने घेतले. पद अर्थातच दुसऱ्या कोणाला मिळाले. मला अजून त्याचा राग आहे, डॉक्टरांना नाही.

परत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न हाती धरला. सशाच्या अंगात असे काय आहे, की हे विष तिथे मोडून पडते आणि माणसाला मात्र बाधते? त्यातूनच औषध शरीरात कसे फुटते, कोणाच्या अंगातून लवकर जाते, कोणाच्या अंगात रेंगाळते, हे त्यांचे पुढचे सारे संशोधन उभे राहिले. आज बाहेरगावचे अभ्यासक ते शिकायला येतात. पहिल्याच दिवशी त्यांना ही चूक सांगितली जाते, आणि ती डॉक्टर स्वतः सांगतात.

नागपूरहून आल्यावर महिनाभर ते रोज सायकलने कुडव्याला आमच्या घरी येत. आईची नाडी पाहत, तिच्या हातचा चहा घेत. ती रागावली नव्हती, पण ते मान वर करून बोलत नसत.

आता डॉक्टरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे आम्ही सारे मनापासून इच्छितो. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहितो आहे हे कळल्यावर पंचाहत्तरीच्या आईने माझ्याकडून आपलाही निरोप लिहवून घेतला. तो तिच्याच शब्दांत देतो. "त्याइले सांग, मी अजून जित्ती आहो. आता तरी मान वर करून चहा प्या म्हणा."