आईचा निळा ब्लाउज

आई गेल्यावर जपून ठेवलेला तिचा निळा ब्लाउज काल ताईने घालून पाहिला आणि तो तिला बरोबर बसला. तीन वर्षांपूर्वी, ताईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झाल्यावर, हाच ब्लाउज तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. तेव्हा आम्ही दोघी बहिणी किती हसलो होतो!

ताई अजूनही वाटीभरच जेवते. जेवताना मी रोज तिच्यासमोर असते. तरी वजन हळूहळू परत आलंच. "चोरून खात असेल," असं परवा मामी म्हणाली. डॉक्टर मात्र म्हणाले, "पोट लहान करता येतं हो. आईकडून रक्तात आलेलं कुठे कापता येतं? काहींचं वजन त्यामुळेही परत येतं."

नाकडोळे आईवर गेले की लोक कौतुकाने सांगतात. अंगही आईवरच गेलं, तर तो मात्र लेकीचा दोष.

आरशासमोर बाही सारखी करत ताई म्हणाली, "आईसुद्धा खरंच कमी जेवायची गं."

दुसरी पोळी घेण्याआधी आई माझ्याकडे बघायची. मी नुसतं "आई!" म्हणायचे, आणि ती हात मागे घ्यायची.