मधलं बटण

आमची थोरली काकू तुम्ही पाहिलेली नसेल, पण ऐकलेली नक्की आहे. लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणते ती, आणि बँकेला फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणते तीही हीच. स्वतः मात्र चहाचीसुद्धा प्रतीक्षा करत नाही. माझ्या आईला, म्हणजे आपल्या धाकट्या जावेला, या धंद्यात तिनेच आणलं आणि तेव्हापासून ती पस्तावते आहे.

संग्रहालयात शब्दांची भिंत होणार होती. बटण दाबलं की शब्द ऐकू यायचा. मधल्या बटणावर हजारो वर्षांपूर्वीचा एक मूळ शब्द, 'भेर', अर्थ वाहून नेणे. भोवती त्याची पिलावळ: संस्कृत 'भरति', लॅटिन 'फेरो', इंग्रजी 'बेअर', आपलं 'भरणे'. भाषेच्या प्राध्यापिकेने दोघींचे आवाज ऐकले आणि मधलं बटण आईला दिलं. काकूला 'भरणे'.

काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे ही मुळाशी बसणार आणि मी हिच्यापुढे पाणी भरणार!"

"वहिनी, तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेलाच नाही," आई समजावायची. "लेकींच्या तोंडावळ्यावरून आई कशी असेल ते ताडावं, तसा ताडलाय."

"कुणी न ऐकलेला शब्द बरा बोलता येतो गं तुला!"

आई घरभर 'भेर, भेर' घोकायची. काकू भाजी चिरता चिरता म्हणायची, "शेळी आली वाटतं." पण न्हाणीघराचं दार लावून तीही 'भेर' म्हणून बघायची. मी ऐकलंय. खरं सांगायचं तर आईपेक्षा छान म्हणायची.

उद्घाटनाला आईने सगळ्यांसमोर मधलं बटण दाबलं. दिवा लागला, आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. प्राध्यापिका ओशाळून पुढे आली. "आधी सांगायला हवं होतं मी. मूळ उच्चार कुणालाच ठाऊक नाही. आवाज ठेवला तर लोक तोच खरा धरतील. म्हणून काल काढून टाकला."

आई डोळे पुसत बाहेर निघून गेली. मला वाटलं, आता काकूला आनंदाच्या उकळ्या फुटत असतील. तिने 'भरणे' दाबलं. तिचा खणखणीत आवाज दालनभर घुमला, पण एकानेही मान वळवली नाही. सगळे मधल्या बटणाभोवती गर्दी करून होते. दाबत होते, श्वास रोखून भिंतीला कान लावत होते.

"बघितलंस?" काकू मला म्हणाली. "मी बोलले तरी कुणी ऐकत नाही. आणि ही गप्प बसली तरी लोक कान लावून उभे!"