चित्रातला माझा दोर

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. तेवढ्या अक्षरांवर हे लिहून राहिलो, कारण माझं चित्र लई लोकांनी बघितलं आणि माझं म्हणणं कुणी विचारलं न्हाई.

आमचं गाव अहमदपूर आणि कंधारच्या मधात. नवा जिल्हा झाला, आम्ही लातूरचे झालो, आणि त्याच सुमाराला पाऊस गायब झाला. गावाबाहेरच्या माळावर चित्रकारांचं एक केंद्र होतं. पुण्यामुंबईची माणसं महिना-महिना येऊन राहायची, चित्रं काढायची, सकाळी ओढ्याकाठी हिंडायची. ओढा कोरडा पडला तरी हिंडायची. त्यांच्या बोअरला मात्र पाणी होतं, आणि अंगणात मोठा हौद.

माझा धंदा दोर वळायचा. अंबाडी पंधरा-वीस दिवस पाण्यात कुजवावी लागते, तवा कुठं साल सुटते आणि दोर वळायचा धागा, वाख, निघतो. त्या साली चारा छावणीतली गुरं बांधायच्या दाव्यांना मागणी होती, माझ्याकडं आदल्या सालची अंबाडी पडून होती, आणि गावात भिजवायला पाणी न्हवतं. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं. मी गेलो न्हाई. हातात कसब असताना खडी कशाला फोडू?

केंद्रातल्या एका चित्रकार बाईला मी म्हणलं, "बाई, हौदाचा एक कोपरा द्या. फुकट नको. बदल्यात काय पायजे ते सांगा."

ती म्हणाली, "मामा, तुम्ही माझ्यासमोर बसून दोर वळा. मला तुमचे हात काढायचेत."

सौदा पक्का झाला. रोज दुपारी लिंबाखाली मी वळायचो, ती काढायची. अंबाडी कुजून वास सुटला तशी केंद्रातली माणसं नाकाला रुमाल लावून फिरायला लागली.

"मामा, हौदात काय मेलंय हो?"

"तुमच्या जेवणाची वासना मेली असंल," मी म्हणायचो. बाई पोट धरून हसायची. आमच्या घरी येऊन ती भाकर खायची, माझ्या बायकोला मावशी म्हणायची. परकी वाटलीच न्हाई.

दोर वळून झाला की दोन्ही तळव्यांवर आडवा घेऊन, मान वर करून मी तोलून बघतो. माझी जुनी खोड. एकदा ती म्हणाली, "मामा, असेच थांबा." मी थांबलो. खांदे भरून आले तरी हललो न्हाई.

चित्र झालं, गेलं. अंबाडीची पयली मोळी निघाली, दावी खपली. दुसरी मोळी हौदात होती, तवा शेजारचा लातूरहून आला.

"काका, नव्या जिल्हा कचेरीत तुम्हाला टांगलंय की! पाणी मागून राहिलात!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. दालानाच्या भिंतीवर मीच. तेच नाक, तेच मुंडासं, कानाजवळची चामखीळ सुद्धा. हात तसेच पुढं केलेले. पण हातात दोर न्हवता. रिकामे तळवे, आणि खाली भेगाळलेली जमीन. पाटीवरची अक्षरं लावून वाचली. 'पाणी द्या.'

शिपायानं एकदा चित्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बाबा, टँकरचा अर्ज त्या खिडकीत."

तसाच माघारी येऊन केंद्रात गेलो. बाई रंग कालवत होती.

"माझा दोर कुठं गेला?"

तिला लगेच कळलं. "मामा, दोर असला की माणूस कामात दिसतो. दुष्काळ दिसत नाही. आणि ते तुम्ही नाहीच. तो सगळ्या मराठवाड्याचा माणूस आहे."

"मग तोंड माझं कशाला घातलं?"

तिनं कुंचला खाली ठेवला. म्हणाली, "चुकलं असेल माझं. पण आता ते चित्र माझं राहिलं नाही. सरकारचं झालंय."

"आणि मी कुणाचा झालो?"

"मामा, बसा ना. मी तुमचं दुसरं काढते, दोरासकट."

मी बसलो न्हाई. हौदात उतरलो, निम्मी कुजलेली मोळी उपसली आणि डोक्यावर घेतली. ती मागून म्हणत होती, "अहो, अजून आठ दिवस लागतील तिला, वाया जाईल!" माझाच धंदा मला शिकवत होती. गढूळ पाणी गळ्यावरून वघळत होतं, तसाच गावातून चालत आलो.

साल काही सुटंना. ओढली की तुटायची. सगळी मोळी मातीमोल झाली. बायको चुलीपाशी बसून बघत होती. म्हणली, "एवढं काय झालंय तरी?"

मी सांगितलं. म्हणलं, "गावात मी कुणापुढं हात पसरला न्हाई, आणि हिनं मला जिल्ह्यापुढं पसरायला लावला."

"तुम्ही न्हाई पसरला, व्हय," ती म्हणली. "घरात पाणी कुठून येतंय मग? रोज टँकरपाशी मी हात पसरते. ड्रायव्हरच्या शिव्या मी खाते. तवा तुमची इज्जत कुठं जाते?"

दुसऱ्या दिवशीपासून टँकरवर मी जायला लागलो, घागर घेऊन, बायांच्या रांगेत.

पण त्या केंद्राची पायरी पुन्हा चढलो न्हाई. बाईनं दोनदा निरोप धाडला. मी बायकोला म्हणलं, सांग, घरी न्हाईत.